अडतीस बंद घरं

रासवे सर वर्गात खुर्चीवर बसून शिकवत नसत. पन्नास मिनिटांच्या तासाला खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत त्यांच्या फेऱ्या चालायच्या आणि मुलांच्या माना त्यांच्या मागं इकडून तिकडं फिरायच्या. परभणीच्या ज्या कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवत, तिथल्या मुलांनी त्यांचं नाव ‘फेरीवाले सर’ पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. त्यांना लहानपणापासून एका जागी बसवत नव्हतं, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक होतं.

पेडगावच्या आश्रुबा रासव्यांचा महारुद्र हा थोरला मुलगा. घरात दहावीच्या पुढं गेलेला पहिलाच. एम.ए. झाल्यावर सात वर्षं तासिका तत्त्वावर काढली. सकाळचे दोन तास जिंतूरला, दुपारचे सेलूला आणि मधला वेळ एसटीत उभ्यानं. मग पीएच.डी. झाली, मग परभणीत कायम नोकरी लागली. आई कस्तुराबाई गावात कुणी विचारलं की सांगायची, “आमचा महारुद्र डागदर हाय, पण सुया टोचायचा न्हाई.” आता सरांचं वय सत्तेचाळीस होतं. बायको राणी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, दोन मुली शिकत होत्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या माणसाचं सगळं मार्गी लागलंय.

त्या वर्षी कॉलेजात ऑनर्स सुरू झालं. म्हणजे तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडायचं नसेल, तर चौथं वर्ष थांबायचं, स्वतःचं संशोधन करायचं आणि ऑनर्सची पदवी घ्यायची. समाजशास्त्राची पहिली तुकडी अकरा जणांची होती. शिकवायला दोघं: रासवे सर आणि त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान धम्मशीला मॅडम. प्राचार्य शिवप्रसाद बदाल्यांना ऑनर्सचा भारी अभिमान. फाटकावर त्यांनी नवा फलक लावून घेतला होता आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते आधी फलकापाशी न्यायचे, मग चहाला.

अकरांमधली ऋतिका ढगे ही सोनपेठ तालुक्यातल्या एका लहानशा गावची. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे. ही आजीपाशी वाढली आणि आता परभणीत वसतिगृहात राहत होती. वर्गात कमी बोलायची, पण बोलली की मुद्द्याचं. ऊसतोड कामगारांच्या घरातल्या मुली शाळा का सोडतात, हा तिचा विषय. सरांनीच तिला तो घ्यायला लावला होता.

“साठ घरं,” सर म्हणाले होते. “साठ म्हणजे साठ. घरटी एक फॉर्म. आईला विचारायचं, तिच्या तोंडून आलेलं लिहायचं. जानेवारीच्या पंचवीस तारखेला गठ्ठा माझ्या टेबलावर पाहिजे.”

पंचवीस तारखेला सकाळी गठ्ठा टेबलावर होता. साठ फॉर्म, सुतळीनं नीट बांधलेले.

सर खूश झाले. स्टाफरूममध्ये चहा मागवला आणि एकेक फॉर्म वाचायला घेतला. पहिले वीस-बावीस फॉर्म झरझर गेले. मग त्यांचा हात मंदावला. कुठंतरी काहीतरी खटकत होतं, पण बोट ठेवता येईना. त्यांनी गठ्ठा पहिल्यापासून उलटला आणि या खेपेला नुसता वयाचा रकाना बघत गेले.

पहिल्या बावीस फॉर्मांत वयं होती चाळीस, पंचेचाळीस, चाळीस, पन्नास, पस्तीस. एका ठिकाणी आईच्या जागी आजीनं उत्तरं दिलेली, तिथं तर ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होते’ एवढंच लिहिलेलं. तेविसाव्या फॉर्मपासून वयं बदलली. त्रेचाळीस. सदतीस. एकोणतीस. बावन्न. एकेचाळीस.

गावात कुठली बाई आपलं वय त्रेचाळीस सांगते? ती म्हणणार, असंल चाळीस-पंचेचाळीस, तुमीच लिवा. खऱ्या माणसांची वयं पाचाच्या आणि दहाच्या घरात येऊन बसतात. टेबलाशी बसून फॉर्म भरणारा माणूस मात्र आकडे मुद्दाम इकडंतिकडं विखरून टाकतो, कुणाला शंका येऊ नये म्हणून. हे सरांना कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. त्यांनी ते स्वतः केलं होतं.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या पीएच.डी.ला सेलू तालुक्यातल्या दीडशे शेतमजूर कुटुंबांचे फॉर्म हवे होते. देवगाव फाट्याला मोटारसायकल लावायची आणि तिथून आसपासची गावं पायी करायची. एकशे नऊ घरं झाली. मार्गदर्शक डॉ. रामकिशन भालेराव मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते आणि ते रोज फोन करून विचारत, “झालं का, झालं का?” तेव्हा महारुद्रनं भाड्याच्या खोलीत दोन दुपारी बसून उरलेले एकेचाळीस फॉर्म भरून टाकले. तीन वेगवेगळे पेन वापरले. एकेका बाईला नाव दिलं, लेकरं दिली, आजारपणं दिली. वयं देताना मुद्दाम चव्वेचाळीस, सत्तावीस, एकोणचाळीस असं लिहिलं. प्रबंध मंजूर झाला. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. राणीलाही नाही.

त्यांनी गठ्ठा पुन्हा सुतळीनं बांधला. चहावर साय धरली होती, ती तशीच राहिली.

पुढचे आठ दिवस सरांचे वाईट गेले. ऋतिकाला बोलावून विचारायचं, असं रोज सकाळी ठरवायचे आणि ती समोर दिसली की वाट बदलायचे. वर्गात फेऱ्या वाढल्या. एका मुलानं साधी शंका विचारली तर त्याच्यावर खेकसले. एका दुपारी मोटारसायकल काढून पेडगावच्या रस्त्याला लागले, निम्म्यातून वळवून परत आले आणि राणीनं विचारल्यावर म्हणाले, “उगंच.” जेवताना ताटात बोटं फिरवत राहायचे. पोरीला रागवायचं तर कुठल्या तोंडानं, आणि नाही रागवायचं तर मग आपण शिकवतो तरी काय?

धम्मशीला मॅडमच्या हे नजरेला आलं. त्यांनी एक दिवस स्टाफरूमचं दार लोटून घेतलं.

“सर, काय झालंय? मुलं मला विचारायलीत.”

सरांनी कपाटातून गठ्ठा काढून त्यांच्यापुढं ठेवला आणि वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं. मॅडमनी दहा-बारा फॉर्म चाळले.

“अडतीस खोटे दिसतात,” सर म्हणाले.

“दिसतात. पण तुम्ही तिला विचारलं का?”

“नाही.”

“आठ दिवस झाले, सर. फॉर्म बघून निकाल लावून बसलात. आधी पोरीला विचारा तरी.”

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ऋतिकाला बोलावलं. ती दारातच थबकली. टेबलावरचा गठ्ठा बघितला आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

“ही सरजाबाई,” सरांनी तेविसावा फॉर्म काढला. “वय त्रेचाळीस. हिच्या घरी तू कधी गेलीस?”

“गेले होते, सर.”

“ती काय म्हणाली?”

ऋतिकाचा आवाज एकदम चढला. “गेले होते, सर! खरंच गेले होते. तीनदा गेले. घराला कुलूप होतं. सगळ्याच घरांना कुलपं होती. माणसं तोडीला गेलेली, मी कुणाला विचारू? तुम्ही म्हणलात साठ म्हणजे साठ.”

“मग मला येऊन सांगायचं.”

“दोनदा आले होते. तुम्ही म्हणलात, कारणं नकोत.”

सरांना आठवलं. डिसेंबरात ती खरंच आली होती आणि जिना उतरता उतरता ते तिला असंच काहीतरी म्हणाले होते. पूर्ण ऐकूनही घेतलं नव्हतं.

रविवारी तिघं एसटीनं सोनपेठला गेले आणि तिथून रिक्षानं ऋतिकाच्या गावी. सरांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. गावात शिरल्यावर आधी मारुतीचं देऊळ लागलं आणि मग कुलपांची रांग सुरू झाली. काही दारांना पितळी कुलूप, काहींना नुसती तार पिळलेली. एका अंगणात तुळस वाळून काडी झाली होती. शेळ्या ओट्यावर चढून बसल्या होत्या. ऋतिका पुढं चालत एकेक घर दाखवत होती. हे सरजाबाईचं. हे तिच्या जावेचं. हे आमचं शेवटचं, इथं फक्त आजी हाय.

आजी छबूबाई उन्हाला पाय पसरून बसली होती. तिनं पाहुण्यांना पोतं अंथरलं, नातीला पाणी आणायला पिटाळलं आणि सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुमी कुठले म्हनायचे?”

“पेडगावचा, आजी.”

“म्हंजी इकडचेच की.” ती हसली. “मंग तुमाला ठावं न्हाई का? दिवाळी झाली की गाव खाली होतंय. मुकादमाच्या गाड्या येत्यात अन् लेकराबाळांसकट समदे जात्यात. पाडव्याच्या आगंमागं वापस येत्यात. आता पुसून काय उपेग? आता हितं आमी म्हाताऱ्या अन् शेळ्या.”

पेडगावातही निम्मी आळी तोडीला जायची. लहानपणी महारुद्रच्या वर्गातले पाच-सहा जण दिवाळीनंतर दिसायचे बंद होत. तारीख ठरवताना त्यांनी विद्यापीठाचं वेळापत्रक बघितलं होतं आणि गाव बघायचं विसरले होते.

परत येताना सोनपेठच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. मॅडम चहा सांगायला गेल्या. सर बाकाभोवती फिरत होते, ऋतिका बाकावर.

“बावीस फॉर्म खरे आहेत ना?” सरांनी विचारलं.

“हो सर. घरी राहिलेल्यांचे.”

“मग बावीसच ठेवायचे. अडतीस घरं बंद होती, हे लिहायचं. घरासमोर घर, तारखेसमोर तारीख. आणि आधी आपण खोटे भरले होते, तेही लिहायचं.”

ऋतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. “ते नका लिहायला लावू, सर. माझं वाटोळं होईल. आईबाप तिकडं कोयता चालवायलेत, त्यांना वाटतं पोरगी मोठ्या कॉलेजात ऑनर्स करायली.”

सरांच्या तोंडून निघून गेलं, “मीसुद्धा भरले होते. एकेचाळीस. माझ्या पीएच.डी.त.”

हे ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले होते, तेही स्टँडवर, कंडक्टरच्या आरोळ्यांत. ऋतिकानं डोळे पुसायचे थांबवले.

“मग तुम्ही काय केलं?”

“काही नाही.”

“कुणाला सांगितलं नाही?”

“नाही.”

“मग मीच का लिहू, सर?”

ती उद्धटपणानं बोलली नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. तेवढ्यात परभणीची गाडी लागली.

सोमवारी सर प्राचार्यांकडं गेले आणि ऋतिकाला मेपर्यंत मुदत मागितली. बदाले सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“रासवे, पहिली तुकडी आहे. मार्चमध्ये तोंडी परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार. साठ फॉर्म आहेत ना तिच्याकडं? मग अडचण काय?”

“त्यातले अडतीस खोटे आहेत.”

“हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही,” प्राचार्य म्हणाले. “मुदत मिळणार नाही.”

तेव्हा सरांनी खोटे अडतीस फॉर्म गठ्ठ्यातून काढून घेतले आणि ऋतिकाच्या हातात दिले. काय करायचं ते तिनं ठरवावं. आधी खोटं भरल्याचं लिहायला त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. तिनं फॉर्म फाडून टाकले आणि महिनाभर खपून बावीस घरांचा अहवाल लिहिला. त्यात एक प्रकरण बंद घरांवर होतं: कुठल्या घरातली कोण कुठल्या कारखान्याला गेली, बरोबर मुली किती गेल्या, त्यांची नावं शाळेच्या हजेरीत अजून आहेत का. ही माहिती तिनं आजीकडून, शाळेतून आणि आईबापांना फोन करून मिळवली. अहवालातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच झालं.

मार्चमध्ये तोंडी परीक्षेला डॉ. सुकेशनी वाघमारे आल्या. बाई कडक. त्यांनी ऋतिकाचा अहवाल वाचून आणला होता, पानापानावर खुणा.

“बंद घरांचं लिहिलंस ते चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पण मला एक सांग, ऊसतोड कामगारांची पाहणी जानेवारीत कोण करतं?”

ऋतिकानं सरांकडं बघितलं नाही, हे सरांच्या लक्षात आलं. ती खाली बघून म्हणाली, “चूक झाली, मॅडम.”

मागच्या भिंतीपाशी उभे असलेले सर पुढं आले. “तारीख मी दिली होती. ती दोनदा सांगायला आली, मी ऐकलं नाही.”

“तुम्ही कुठले?” सुकेशनी मॅडमनी विचारलं.

“इथलाच.”

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. ऋतिकाला अकरांमध्ये पाचवा नंबर मिळाला. तिला त्याचं दुःख झालं नाही, आनंदही विशेष दिसला नाही.

सर मात्र त्या दिवसापासून जास्तच बेचैन झाले. पोरगी त्यांच्या वाट्याची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन उभी राहिली होती, तेही न सांगता. एका रविवारी सकाळी त्यांनी राणीला समोर बसवून सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

“सतरा वर्षं मला बोलले न्हाईत?”

“नाही.”

“अन् आता काय करायलाव?”

“विद्यापीठाला कळवायचं म्हणतो.”

“नोकरी गेली म्हंजी?”

“जाऊ शकते.”

राणी उठून आत गेली. अर्ध्या तासानं आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. “लिवा,” ती म्हणाली. “न्हाई तर हे घरातले हेलपाटे काही थांबायचे न्हाईत. पण पोरींना आधी सांगा. बाहेरून कळाया नको.”

पत्र दीड पानांचं झालं. प्रबंधातल्या चौथ्या प्रकरणातले एकेचाळीस फॉर्म आपण कुणालाही न भेटता भरले, असं त्यात सरळ लिहिलं होतं. पत्र पोचलं तसा रामकिशन सरांचा फोन आला. ते पंच्याहत्तरीला आले होते. “माझी सही आहे त्या प्रबंधावर,” ते म्हणाले. “मरायच्या आधी मला हे दाखवायचं होतंस का?” सर माफी मागायला लागले, तोवर फोन बंद झाला होता. पुन्हा लावला तर उचलला नाही. नंतरही कधी उचलला नाही.

जूनमध्ये तीन जणांच्या समितीनं त्यांना बोलावलं. एक तास प्रश्न विचारले. इतक्या वर्षांनी का, असं सगळ्यांनीच आळीपाळीनं विचारलं आणि सरांना दर वेळी तितकंच अवघड गेलं. ऑगस्टमध्ये निर्णय आला. उरलेल्या एकशे नऊ घरांच्या माहितीवर प्रबंध दुरुस्त करून द्यायचा, तोपर्यंत पदवी स्थगित. पाच वर्षं कुणाचं मार्गदर्शक व्हायचं नाही. नोकरीचं संस्थेनं ठरवावं. संस्थेनं नोकरी ठेवली, पण ऑनर्सचे तास काढून घेतले. प्राचार्य त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले. पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी “एकेचाळीस!” असं ओरडलं आणि वर्ग हसला. सरांनी फळ्याकडं तोंड करून पुढचा मुद्दा लिहिला. खडू दोनदा मोडला.

ऑनर्सचा वर्ग आता धम्मशीला मॅडम एकट्या घेत होत्या. त्या मधूनच सरांकडं यायच्या. कुठल्या तालुक्यात मुलांना कधी पाठवायचं, कापूस वेचणीत कोण घरी सापडतं, असं विचारायच्या. सर सांगायचे. तेवढं झालं की मॅडम जायच्या आणि ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहायचे. दुरुस्तीचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. एकशे नऊ फॉर्म पुन्हा उघडताना त्यांना प्रत्येक घर आठवत होतं आणि मधल्या मधल्या पानांवर त्या एकेचाळीस बायका आठवत होत्या, ज्या कधी नव्हत्याच.

सप्टेंबरच्या एका दुपारी ऋतिका आली. तिला पुण्यात पुढच्या शिक्षणाला अर्ज करायचा होता. उन्हानं काळवंडली होती. आईबाप परत आल्यावर तिनं मे-जूनमध्ये बंद घरांमधली एकतीस घरं पुन्हा केली होती. कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे गुण कुठं धरले जाणार नव्हते.

“सात बायांनी बोलायला नकार दिला,” ती म्हणाली. “सरजाबाईनं तर हाकलूनच दिलं.”

“नोंद केलीस?”

“केली की.”

मग ती जरा अडखळली. “सर, शिफारसपत्र पाहिजे होतं. पण तुमचं... चालंल का आता?”

“चालेल का नाही, ते त्यांना विचार,” सर म्हणाले. “मी लिहून देतो. तू लावायचं का नाही, ते बघ.”

त्यांनी तिथंच उभ्यानं लिहायला घेतलं. पहिला कागद फाडला, दुसराही फाडला. तिसऱ्यात लिहिलं की या विद्यार्थिनीला आपण चुकीच्या वेळी चुकीचं काम सांगितलं, तिच्याकडून एक चूक झाली, तिनं ती दुरुस्त केली आणि नंतर कुणी न सांगता ती पुन्हा त्याच दारांवर गेली. स्वतःबद्दल एक ओळ लिहिली: माझी पदवी सध्या स्थगित आहे, हे वाचणाऱ्यानं लक्षात घ्यावं.

ऋतिकानं पत्र उभ्याउभ्या वाचलं. ‘तिच्याकडून एक चूक झाली’ या ओळीवर तिची नजर थांबली.

“हे राहू द्यायचं का, सर?”

“तुझं तू ठरव. नको असेल तर दुसरं लिहून देतो.”

तिनं कागदाची घडी घातली, पत्र पिशवीतल्या वहीत ठेवलं आणि साडेचारची सोनपेठ गाडी चुकेल म्हणून पळतच जिना उतरली.